रांगेत उभं राहणं हे काम असतं का? युद्धातल्या घरच्या आघाडीची चित्रं

शेवटच्या ओळीतल्यांना पडदा नीट दिसतोय ना? नसेल तर पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत. पुढच्या खुर्च्यांवर बसलं की वक्ता प्रश्न विचारतो, ही शाळेतली भीती आता सोडायला हरकत नाही. (हशा)

पडद्यावरचं हे पहिलं चित्र ओळखीचं नाही असं म्हणणारं इथे कुणी नसावं. निळा शर्ट, पांढऱ्या ठिपक्यांचा लाल रुमाल डोक्याला, बाही सरसावून दंड दाखवणारी बाई. ‘आम्ही करू शकतो’. टी-शर्टवर, मगांवर, आठ मार्चच्या शुभेच्छांमध्ये ही असतेच. हे पोस्टर जे. हॉवर्ड मिलर या अमेरिकन चित्रकाराने १९४३ साली वेस्टिंगहाउस कंपनीसाठी केलं. आणि गंमत अशी की ज्या युद्धाची खूण म्हणून आपण ते मिरवतो, त्या युद्धात ते जवळजवळ कुणी पाहिलंच नव्हतं. कंपनीच्या कारखान्यांत, आतल्या भिंतींवर, जेमतेम दोन आठवडे ते लावलं होतं. उद्देश बायकांना हाक मारून बोलावण्याचा नव्हता. आहेत त्या कामगारांनी नेटाने काम करावं, खाडे करू नयेत, एवढाच होता. दोन आठवड्यांनी पोस्टर उतरलं, दुसरं लागलं. त्याला प्रसिद्धी मिळाली ती १९८० नंतर. म्हणजे आपण ज्याला युद्धकाळातल्या बाईचं चित्र म्हणतो ते बऱ्याच अंशी आपल्या काळाने निवडलेलं चित्र आहे.

पण माझा आक्षेप वेगळाच आहे. या बाईच्या हातात काम कुठे आहे? ती दंड दाखवते आहे, काम करत नाहीये. काम करू शकण्याची हमी देते आहे. आणि आज मला बोलायचंय ते नेमकं यावर. युद्धात बायकांनी केलेल्या कामाची चित्रं म्हणून जी गाजतात, त्यांत काम किती असतं आणि हमी किती असते?

यासाठी मी इंग्लंडकडे वळते, कारण तिथे एक विलक्षण सोय झाली होती. नोव्हेंबर १९३९ मध्ये, युद्ध सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा सरकारने युद्ध-चित्रकारांसाठी एक सल्लागार समिती नेमली. अध्यक्ष केनेथ क्लार्क. तेच क्लार्क, नॅशनल गॅलरीचे संचालक, पुढे टेलिव्हिजनवरच्या ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेमुळे आपल्याकडेही अनेकांना ठाऊक झालेले. समितीने चारशेच्या वर कलावंतांकडून पाच हजारांहून जास्त चित्रं घेतली. काहींना पगारी नोकरी, काहींना एकेका चित्राचं काम, काहींची तयार चित्रं विकत घ्यायची, अशी पद्धत. या चारशेंत स्त्रिया पन्नासच्या आसपास. पगारी करार पुन्हा पुन्हा मिळत राहिले अशी त्यांच्यात एकच, एव्हलिन डनबार. तिच्याकडे मी येणारच आहे, खरं तर आजचं व्याख्यान तिच्याचसाठी आहे. पण आधी जिचं चित्र गाजलं तिच्याकडे जाऊ.

पुढची स्लाइड. हां. डेम लॉरा नाइट. ‘रूबी लॉफ्टस, तोफेच्या ब्रीच-रिंगला आटे पाडताना’. १९४३.

तुमच्यात कुणी टर्नर-फिटरचं काम केलेलं आहे का? आयटीआय? दोघं आहेत, छान. तुम्हाला हे चित्र आमच्यापेक्षा जास्त दिसणार. लेथ आहे. त्यावर बोफोर्स विमानविरोधी तोफेचं मागचं जाड कडं बसवलंय, ज्यात तोफ बंद करणारा भाग सरकतो. त्याच्या आत आटे पाडायचे. हत्यार जरा पुढे गेलं की कडं भंगारात. रूबी २१ वर्षांची. न्यूपोर्टच्या, म्हणजे मॉनमथशरमधल्या, सरकारी तोफखान्यात कामाला. त्याआधी लंडनमध्ये तंबाखूच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी मुलगी. हे काम हाती यायला पुरुष कारागिराला आठ-नऊ वर्षं लागतात असं मानलं जायचं, ते ती सात महिन्यांत करू लागली, अशी तिची ख्याती झाली होती. पुरवठा खात्याला ती चित्रात हवी होती. बायकांनी कारखान्यांत यावं आणि पुरुषांनी त्यांना ‘या काय करणार’ म्हणू नये, दोन्ही कामं एका चित्रात.

लॉरा नाइट तेव्हा पासष्टी ओलांडलेली. रॉयल अकॅडमी १७६८ ची. संस्थापकांत दोन स्त्रिया होत्या, त्यानंतर १९३६ पर्यंत एकही स्त्री पूर्ण सभासद निवडून आली नाही. आली ती ही. इतक्या मोठ्या नावाची चित्रकर्ती कारखान्याच्या गोंगाटात, यंत्राशेजारी, इझल लावून उभी राहिली आणि हे चित्र केलं. १९४३ च्या उन्हाळी प्रदर्शनात ते टांगलं गेलं आणि वर्षातलं सगळ्यात गाजलेलं चित्र ठरलं. वर्तमानपत्रांत छापलं, पोस्टर निघालं, बातमीपटातही आलं.

आता चित्र म्हणून बघा. उत्तम आहे, यात वाद नाही. धातूवर पडणारा उजेड, तेलकट चमक, हत्याराखालून निघणारा किस. केस जाळीत बांधलेले, कारण मोकळे केस यंत्रात अडकले तर जीव जातो. आणि तो चेहरा, किंचित झुकलेला, नजर कामावर. ती आपल्याकडे बघत नाही, दंड दाखवत नाही. अमेरिकन पोस्टरच्या पुष्कळ पुढचं चित्र आहे हे.

पण नाइटबाईंची आधीची चित्रं कोणती? सर्कस. बॅले. रंगभूमीच्या विंगेत रंग लावत बसलेल्या नर्तकी. कसब असलेलं शरीर, कसब दाखवतानाच्या क्षणी, त्यावर नेमका उजेड, हा तिचा जन्मभराचा विषय. मला वाटतं, रूबीलाही तिने तसंच पाहिलं. लेथ हा रंगमंच आहे. मागे इतर बायका आहेत, यंत्रं आहेत, पण त्या पार्श्वभूमीला. प्रयोग एकटीचा. ही तारेवरची कसरत आहे आणि आपण श्वास रोखून बघतोय. म्हणूनच चित्र सुंदर आहे आणि म्हणूनच ते मंत्रालयाला इतकं सोयीचं पडलं. कारण ‘बाई हे करू शकते का?’ या प्रश्नाला ते ‘ही बघा, करते’ असं उत्तर देतं. बाकीचे प्रश्न चित्राच्या बाहेर राहतात.

कोणते बाकीचे? दोनच सांगते. पहिला पैशाचा. १९४० मध्ये मालक आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला होता की पुरुषाच्या जागेवर आलेल्या बाईने ३२ आठवड्यांनंतर, कुणाच्या देखरेखीशिवाय आणि मदतीशिवाय तेच काम केलं तर तिला पूर्ण वेतन द्यायचं. ऐकायला किती छान! मग मालकांनी काय केलं? यंत्राची मांडणी थोडी बदलायची, सेटिंगला एक पुरुष ठेवायचा, आणि म्हणायचं की बघा, हिला मदत लागते. इंजिनीअरिंग कारखान्यांत बायकांची कमाई पुरुषांच्या साधारण निम्म्यावरच रेंगाळत राहिली. रूबीचं चित्र अकॅडमीत लागलं त्याच वर्षी, १९४३ च्या शरदात, ग्लासगोजवळ हिलिंग्टनच्या रोल्स-रॉइस कारखान्यात बायकांनी याच मुद्द्यावर संप केला. त्या संपाचं चित्र समितीच्या संग्रहात शोधू नका.

दुसरा प्रश्न कंटाळ्याचा. त्याच १९४३ साली ‘वॉर फॅक्टरी’ नावाचा अहवाल प्रसिद्ध झाला. मास ऑब्झर्वेशन या संस्थेसाठी सेलिया फ्रेमलिन ही तरुणी विल्टशरमधल्या माम्सबरीच्या कारखान्यात स्वतः कामाला लागली आणि तिने पाहिलेलं लिहिलं. तिला दिसल्या त्या घड्याळाकडे बघणाऱ्या मुली. एकच भाग, तीच हालचाल, दिवसातले बारा-बारा तास. आपण युद्धासाठी काय बनवतोय हेही कित्येकींना नीट ठाऊक नाही, आणि विचारावंसंही वाटत नाही. हजारो मुलींचं काम असं होतं. रूबी हजारात एक. नायिका निवडली की हे होतंच. अपवादाचं चित्र काढायचं आणि त्याला सगळ्यांचं नाव द्यायचं. हा लॉरा नाइटचा दोष नाही, मागणीच तशी होती. पण चित्र बघताना आपण ते लक्षात ठेवायला हवं.

आता एव्हलिन डनबार.

जन्म १९०६, गेली १९६० मध्ये, वय अवघं ५३. रॉयल कॉलेज ऑफ आर्टची विद्यार्थिनी. तिशीच्या आत असताना लंडनच्या ब्रॉकली भागातल्या एका शाळेत शिक्षक चार्ल्स माहोनी आणि इतर विद्यार्थ्यांबरोबर मोठी भित्तिचित्रं केली. बागकामाचं वेड. एप्रिल १९४० मध्ये समितीने तिला नेमलं ते ‘बायकांचं काम’ या विषयासाठी. ‘बायकांचं काम’! म्हणजे चारशे चित्रकारांमध्ये विमानं, जहाजं, तोफा, उद्ध्वस्त शहरं वाटून झाली, आणि उरलेलं हिच्या पदरात. आपल्याकडे वर्तमानपत्रांत महिलांचं पान असायचं, तसं. (हशा) पण ते पान तिने कसं लिहिलं ते बघा.

हे १९४० चं. ‘कृत्रिम कासेवर दूध काढण्याचा सराव’. हॅम्पशरमधलं स्पारशोल्ट कृषी विद्यालय. विमेन्स लँड आर्मी म्हणून एक दल होतं, पुरुष सैन्यात गेल्यावर शेतीचं काम बघणाऱ्या बायकांचं. १९३९ च्या जूनमध्ये ते पुन्हा उभं केलं, आणि १९४३ पर्यंत त्यात ऐंशी हजारांहून जास्त मुली होत्या. त्यातल्या कितीतरी शहरातल्या, केस कापणाऱ्या, टायपिस्ट, दुकानातल्या. गाय जवळून पाहिलेली नाही. त्यांना एकदम गाईखाली बसवलं तर गाय लाथ मारणार. म्हणून लाकडी चौकटीला कॅनव्हासच्या कास टांगल्या, त्यांना सड लावले, आणि मुली स्टुलांवर बसून बादलीत धारा काढायला शिकतायत.

हसू येतं ना? यायलाच हवं, तिलाही आलं असणार. पण ही थट्टा मुलींची नाही. बघा, प्रत्येकीची पाठ वेगळी वाकलीये. एकीला जमतंय, दुसरी अजून अंदाज घेतेय. डनबारला जे सुचलं ते मला फार मोलाचं वाटतं. काम ही शिकण्याची गोष्ट असते. ते अंगात मुरायला वेळ लागतो, आधी हास्यास्पद दिसावं लागतं. सात महिन्यांत चमत्कार, ही गोष्ट इथे नाही. इथे पहिला आठवडा आहे. आणि गावातल्या कुठल्याही आजीने दहा मिनिटांत दाखवलं असतं ते कसब शिकवायला सरकारला चौकटी, कॅनव्हास आणि वर्ग लागतो, यावरून त्या कसबाची किंमतही कळते. आपण ज्याला ‘त्यात काय, बायका करतातच’ म्हणतो, ते न येणाऱ्याच्या हातात दिलं की मग ते काम होतं!

तिची ही शिकण्यातली आस्था इतकी खरी होती की त्याच विद्यालयातले शिक्षक मायकल ग्रीनहिल यांनी नवशिक्या शेतकामगारांसाठी एक पुस्तिका लिहिली, ‘अ बुक ऑफ फार्मक्राफ्ट’, १९४२, आणि तिची चित्रं डनबारने काढली. हत्यार कसं धरायचं, कसं धरायचं नाही.

याच रीतीचं आणखी एक, फक्त दाखवून पुढे जाते. ‘विषारी वायूपासून संरक्षणाचा पोशाख घालताना’, हेही १९४० चं. एकाच चित्रात टप्पे पाडलेत. आधी हे, मग ते, मग बूट, मग टोप. जवळजवळ कॉमिकसारखं. चित्रकलेत ‘ऐन क्षण’ पकडण्याचं फार कौतुक असतं. हिला क्षणात रस नाही. हिला क्रम हवाय, वेळ हवाय. बायकांच्या कामाबद्दल हे फार नेमकं निरीक्षण आहे, कारण ते काम क्षणात मावत नाही. स्वयंपाकाचा ऐन क्षण कोणता, सांगा बरं?

आणि आता ज्या चित्रावरून आजच्या व्याख्यानाचं नाव घेतलं ते. ‘मासळीच्या दुकानापुढची रांग’. १९४४. लांबच लांब, आडवं, भित्तिचित्राच्या पट्ट्यासारखं. जागा केंट परगण्यातल्या तिच्या राहत्या भागातली, स्ट्रूडची. दुकान, फूटपाथ आणि रांग. कोट, टोप्या, हातात पिशव्या. बहुतेक बायका. अलीकडून सायकलवर हवाई दलाच्या गणवेशातला माणूस चाललाय. तो तिचा नवरा, रॉजर फॉली.

यातली मेख अशी की त्या युद्धात ब्रिटनमध्ये मासळीवर रेशन नव्हतं. लोणी, साखर, बेकन यांच्यावर जानेवारी १९४० पासून रेशन, पुढे मांस, चहा, चीज, आणि जून १९४१ पासून कपड्यांवरही. मासळीवर नाही. पण मच्छीमार बोटी नौदलाने घेतलेल्या, समुद्रात सुरुंग पेरलेले, त्यामुळे मासळी येणार कमी. ज्या वस्तूला कार्ड असतं तिच्यात तुमचा वाटा ठरलेला असतो, उशिरा गेलात तरी मिळेल. जिला कार्ड नाही तिच्यासाठी रांग. जो आधी उभा राहील त्याला. म्हणजे कार्डाच्या जागी इथे बाईचा वेळ खर्च होतो. डनबारने लोण्याचं दुकान न काढता मासळीचं काढलं हा योगायोग असेलही, पण चित्र त्यामुळे अचूक झालंय.

इथे मला थोडं रेंगाळू दे. युद्धात बायका ‘कामाला लागल्या’ असं आपण म्हणतो. डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटनने कायदाच केला, वीस ते तीस वयाच्या अविवाहित स्त्रियांना सक्तीने सेवेत घेण्याचा. आकडे कारखान्यांतले मोजले जातात, गणवेशातले मोजले जातात. पण घरातल्या जेवणाचं काम युद्धाने कितीतरी पटींनी वाढवलं, ते कुठे मोजलं जातं? आणि दोन्ही कामं एकाच बाईच्या अंगावर. कारखान्यातून सुटेपर्यंत दुकानं बंद. म्हणून बायका खरेदीसाठी खाडे करायच्या, आणि व्यवस्थापन तक्रार करायचं की बायकांना शिस्त नाही! शेवटी काही कारखान्यांना खरेदीसाठी वेळ सोडावा लागला. मिलरचं ते पोस्टर खाडे कमी व्हावेत म्हणून होतं ना? त्याच्या शेजारी ही रांग ठेवा. खाडा करून ती बाई कुठे गेली होती ते इथे दिसतं.

तर रांगेत उभं राहणं हे काम आहे का? डनबारने हा प्रश्न शब्दांत कुठे मांडला असं मी म्हणत नाहीये. पण सरकारने तिला ‘बायकांचं काम’ काढायला सांगितलं आणि तिने दिलेल्या चित्रांत ही रांग आहे. समितीने ती घेतली. आज ते चित्र लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे, तोफा आणि विमानांच्या घरात. चित्रात कुणी हात हलवत नाहीये, घाम नाही, यंत्र नाही. पाय दुखतायत, एवढंच. तेही दिसत नाही, आपल्याला ठाऊक असतं.

‘रेशन’ हा शब्द आपल्या घरांत याच युद्धाने रुजवला. मुंबईत रेशनिंग सुरू झालं ते १९४३ मध्ये. रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून घरी येणं, आणि ‘माझा नंबर धरून ठेवा हां’ म्हणणं, हे इथल्या पन्नाशीपुढच्या कुणाला समजावून सांगायला नको. त्या वेळेची नोंद कुठल्या हजेरीपटावर झाली नाही.

आता थोडी तक्रार. डनबारवर माझं प्रेम आहे हे लपलेलं नाही, म्हणून तक्रारही केली पाहिजे. तिच्या चित्रांत कुणी भांडत नाही. मासळीच्या रांगेत भांडण नाही, असं होईल का? (हशा) कुणी थकून बसलेलं नाही, कुणी रडत नाही. १९४० च्या ‘विणकाम मंडळी’ या चित्रात बायका दिवाणखान्यात सैनिकांसाठी विणतायत, खुर्च्या उत्तम, खोली ऐसपैस, हा सुस्थित मध्यमवर्ग आहे आणि ती त्यातलीच आहे. ‘कोबीची कोंब-खुडणी, मॉनमथशर’ हे छोटं चित्र घ्या. ब्रसेल्स स्प्राउट म्हणतात ती, लिंबाएवढ्या कोबींची. योगायोग बघा, रूबीचा कारखानाही याच मॉनमथशरमध्ये. थंडीत उघड्या शेतात वाकून ते खुडणं हे लँड आर्मीतलं नकोसं काम. वाकलेल्या पाठी ती खऱ्या काढते, पण गारठा सौम्य करते. तिचा रंगच तसा, मातकट, मायाळू. शेतीवर तिचा विश्वास होता, शेती माणसाला बरं करते असा काहीसा. त्या विश्वासाची किंमत तिच्या चित्रांनी कधी कधी दिलीय.

आणि मुलांचं काय? कामाला गेलेल्या बाईचं मूल कुठे होतं? यासाठी मला दुसऱ्या चित्रकर्तीकडे जावं लागतं. एल्सी ह्यूलँड, ‘युद्धकामगारांच्या मुलांची बालवाडी’, १९४२. हे नाव फारसं कुणी घेत नाही. एव्हलिन गिब्सचं ‘कपड्यांची अदलाबदल’, १९४३, हेही तसंच. मुलं वाढतात, कुपनं वाढत नाहीत, म्हणून आखूड झालेला कोट देऊन मोठा घ्यायचा. एथेल गेबनने लिथोग्राफची मालिकाच केली, लाकूडतोडीपासून वाळूची पोती भरण्यापर्यंत. या सगळ्या मिळून एक वही होते. एकटीचं चित्र पुरत नाही, डनबारचंही नाही.

शेवटचं चित्र. ‘लँड गर्ल आणि वळू’, १९४५. टेट गॅलरीत आहे. माझ्या मते तिचं सर्वांत मोठं काम.

हॅम्पशरची माळरानं, उन्हाळ्याच्या सुरुवातीची पहाट. आकाश बघा, मासळीच्या खवल्यांसारखे ढग. मागे फिरता गोठा, जिथे गाई असतील तिथे ओढून नेतात आणि तिथेच दूध काढतात. पुढे मुलगी आणि वळू. तिला त्याला बांधायचंय. एका हातात आंबोणाची बादली पुढे केलीये, दुसऱ्या हातात साखळी, पाठीमागे लपवलेली. वळूने तोंड बादलीकडे आणलं की नाकातल्या कडीत साखळी अडकवायची. चुकलं तर काय होईल हे गावाकडच्यांना सांगायला नको. आपल्याकडे वेसण धरणं म्हणतात, आणि तेही ओळखीच्या बैलाचं. हा वळू आहे.

१९४० ची कॅनव्हासची कास आठवा आणि हे बघा. पाच वर्षं गेलीत मध्ये. ती स्टुलावरची नवशिकी आता एकटी, पहाटे, वळूपुढे. रूबी लॉफ्टसच्या चित्राशीही याची तुलना होऊ शकते. दोन्हींत एकटी मुलगी, दोन्हींत अवघड आणि नाजूक काम, चुकीला माफी नाही. पण रूबीवर उजेड टाकलेला आहे. हिला कुणी बघत नाहीये. पहाटेच्या त्या माळावर वळू सोडून कुणी नाही. आणि चित्रकर्तीने साखळीचा हात आपल्याला दाखवलाय, वळूला नाही. म्हणजे आपण प्रेक्षक नाही उरत, तिच्या बेतात सामील होतो.

याच १९४५ च्या फेब्रुवारीत लँड आर्मीच्या प्रमुख लेडी डेनमन यांनी राजीनामा दिला. कारण सरकारने ठरवलं की युद्धानंतर सैन्यातल्यांना जे अनुदान आणि सवलती मिळणार त्या लँड आर्मीच्या मुलींना नाहीत. का? त्या सैन्य नव्हेत, शेतमजूर. नावात ‘आर्मी’, गणवेश, शिस्त, सगळं होतं. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा ते शेतीकाम ठरलं. दल १९५० मध्ये बंद झालं. जिवंत असलेल्या म्हाताऱ्यांना सरकारने एक बिल्ला दिला तो २००८ मध्ये.

डनबारचंही थोडं तसंच झालं. १९६० नंतर तिचं नाव मागे पडलं. एका घराच्या माळ्यावर पडून असलेली तिची शेकडो चित्रं आणि रेखाटनं उजेडात आली, तेव्हा २०१५ मध्ये चिचेस्टरच्या पॅलंट हाउस गॅलरीत प्रदर्शन झालं. माळ्यावर! आपल्याकडेही बायकांच्या कामाला तीच जागा मिळते.

मी थांबते. प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांतून: लॉरा नाइटवर तुम्ही जरा अन्याय केलात असं नाही वाटत?)

थोडा केला असेन. नाइटबाईंचं ‘बलून साइट, कॉव्हेंट्री’, १९४३, हे बघितलं तर माझ्याच बोलण्याला छेद जातो. तिथे बायकांचा गट मिळून शत्रूच्या विमानांना अडवणारा प्रचंड फुगा दोर ओढून वर चढवतायत, मागे शहराच्या चिमण्या धूर सोडतायत. नायिका एक नाही, दोर आहे, सगळ्यांच्या हातात. मला ते रूबीपेक्षा सरस वाटतं. आणि सरकारशी तिचंही सरळ नव्हतं. १९४० मध्ये तिने शौर्यपदक मिळालेल्या हवाई दलातल्या कॉर्पोरल पीअर्सन यांचं व्यक्तिचित्र काढलं, हातात रायफल देऊन. बायकांनी शस्त्र बाळगायचं नाही असा नियम, म्हणून रायफल रंगवून काढावी लागली. तिथे आता गॅस मास्क आहे. जिने जीव धोक्यात घालून जळत्या विमानातून वैमानिकाला बाहेर काढलं, तिच्या चित्रातही बंदूक चालत नव्हती.

(श्रोत्यांतून: आपल्याकडे असं काही झालं का? भारतीय बायकांचं?)

लंडनच्या समितीसारखी मालिका इथे झाली नाही. पण १९४३ हे साल मी आज किती वेळा म्हटलं, मोजलंत का? रूबीचं चित्र अकॅडमीत लागलं ते साल, आणि बंगालच्या दुष्काळाचं तेच साल. तोही युद्धाचाच दुष्काळ होता, त्याच साम्राज्यातला. त्या वर्षीच्या अखेरीला चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरला आणि त्याने जे पाहिलं ते शाईने काढलं. त्याची पुस्तिका ‘हंग्री बेंगॉल’ सरकारने जप्त करून जाळली, एखादी प्रत कशीबशी वाचली. हा चित्तप्रसाद पुढे १९४६ पासून आयुष्याचा बराचसा काळ मुंबईत, अंधेरीत राहिला. एक सरकार एका बाजूला घरच्या आघाडीची चित्रं पैसे देऊन काढून घेत होतं आणि दुसऱ्या बाजूला जाळत होतं. त्याच्या रेखाटनांतल्या बायका मूल कडेवर घेऊन अन्नाच्या शोधात चाललेल्या आहेत, आणि बहुतेकींच्या पुढे दुकानच नाही.

आणखी कुणाचा प्रश्न? तुम्ही विचारा, मागे निळ्या शर्टातले.